घंटेनंतरची प्रार्थना

पी रोछिंगीचा उजवा कान माझ्या ढोलानं खाल्ला, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. थोरल्या बाईला आमच्याकडे 'पी' म्हणतात. आमच्या लुंगझॉल गावच्या ख्रिस्ती मंडळीत ढोल वाजवायचं काम माझ्याकडे आहे. माझ्या आधी ते माझ्या वडिलांकडे होतं. बायकांच्या बाजूचा पहिला बाक ढोलाला चिकटून, आणि त्या बाकाचं ढोलाकडचं टोक पी रोछिंगीचं. मी कितीदा म्हटलं, "पी, दोन बाक मागं बसा की. उरलेला कानही जाईल." तर म्हणायची, "मागून बोललं तरी देवाला ऐकू जातं रे, पण उपा थांगकिमांना मी दिसणार कशी?" उपा थांगकिमा म्हणजे मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ वडील, आणि हे ती त्यांच्या तोंडावर बोलायची. ते गालातल्या गालात हसायचे.

आमची प्रार्थना म्हणजे मनातल्या मनात पुटपुटणं नव्हे. पुढं उभा असलेला माणूस विषय सांगतो. गावातली आजारी माणसं, पिकं, परगावी गेलेली पोरं, आणि शेवटी नेहमीचा, "आपला देश आणि आपले लोक." मग सगळे एकदम उभे राहतात, डोळे मिटतात आणि ज्याचं तो मोठमोठ्यानं मागू लागतो. त्या गलक्यात शेजारच्याचा शब्दसुद्धा कळत नाही. खरं सांगायचं तर हीच त्यातली सोय आहे. सुनेबद्दल बोला, स्वतःच्या पापाबद्दल बोला, छाती फुटेस्तोवर रडा, देवाशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. मग मी टेबलावरची पितळी घंटा टणकन वाजवतो आणि सगळे तिथल्या तिथं थांबतात.

पी रोछिंगी सोडून सगळे. डावा कानही अर्धाच उरला होता, त्यामुळे गलक्यात तिला घंटा ऐकू येत नसे. म्हणून तिच्या शेजारी बसणारी झाइथांगी तिच्या कोपराला दोन बोटं लावायची. की ही वाक्य अर्धं टाकून "आमेन" म्हणून मोकळी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. इतकं की घंटा वाजवल्यावर माझी नजर आपोआप झाइथांगीच्या बोटांकडे जायची.

झाइथांगी पाण्याच्या टाकीखाली राहते. उतारावरची आमची घरं एकमेकांच्या डोक्यावर असतात. रोछिंगीच्या घराच्या फळ्यांखाली झाइथांगीचं पत्र्याचं छप्पर, वरचीनं भांडं पाडलं तर खालची ओरडणार. नवरा दुसरीबरोबर चंफाईकडे निघून गेला तेव्हा झाइथांगीनं तीन पोरी वाढवल्या त्या तांदळाच्या दारूवर. दारूला सरकारची बंदी, मंडळीची बंदी, सगळं होतं. पण शनिवारी संध्याकाळी टाकीवर पाणी भरायला जाणाऱ्या पुरुषांची एकदम गर्दी व्हायची, आणि परत येताना त्यांच्या बादल्या कोरड्याच असायच्या. गावानं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

आमच्या बायका भात रांधताना दर वेळी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात. तो घरोघर जाऊन गोळा करायचं काम पी रोछिंगीचं. झाइथांगीच्या दारात पिशवी पसरून ती म्हणायची, "काय गं, आज किती देवाला आणि किती मडक्याला?" झाइथांगी म्हणायची, "देवाला मूठ, मडक्याला सूप. देव समजूतदार आहे, मडकं नाही." दोघी पोट धरून हसायच्या. ते हसू मी माझ्या घरातून ऐकलेलं आहे.

पी रोछिंगीनं उभा जन्म आल्याच्या शेतात काढला. नवरा लवकर गेला, मुलगा एकच, रिनसांगा. पण तिला खरं वेड होतं ते देशाचं. देश म्हणजे आमचे हे डोंगर आणि त्यांवर राहणारी आमची माणसं. तिच्या आजीच्या लहानपणी इथं म्हणे देवाची अशी जाग आली होती की माणसं कामधंदा टाकून दिवसचे दिवस नाचत होती, चोरलेली कोंबडी चोर स्वतः आणून देत होता, भाऊबंदकी असलेली घरं एका पातेल्यात जेवत होती. तशी जाग मरायच्या आधी एकदा बघायची, एवढंच तिचं मागणं. देशासाठी प्रार्थना करताना ती मंत्र्यापासून मंत्र्याच्या ड्रायव्हरपर्यंत कुणालाही सोडायची नाही. मी तसा थट्टेखोर माणूस, पण तिचा आवाज चढला की माझा हात आपोआप ढोलावर जायचा, हे मी नाकारणार नाही.

मग एका वर्षी बाहेरून एक प्रवचनकार आला. त्यानं बायबलातली आखानाची गोष्ट सांगितली. शहर जिंकल्यावर लुटीला हात लावायचा नाही असा देवाचा हुकूम, पण आखान नावाच्या एकानं सोनंचांदी उचलली आणि आपल्या तंबूत पुरून ठेवली. पाप एकट्याचं, आणि पुढच्या लढाईत मार खाल्ला सगळ्या लोकांनी. शेवटी त्याला शोधून काढून दगडांनी मारलं तेव्हा देवाचा राग निवला. "तुमच्या छावणीतही एक आखान लपलाय," टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला, "तो बाहेर काढल्याशिवाय या देशाला जाग येणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या सुमोनं तो निघून गेला. असल्या माणसांचं बरं असतं. काडी टाकायची आणि सुमो पकडायची.

गावात मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच्या तंबूकडे बघायला लागला. पी रोछिंगीला तर झोप लागेना. इतकी वर्षं मागूनही जाग का येत नाही, याचं कारण तिला सापडल्यासारखं झालं होतं. पुढच्या शनिवारी एकटीनं प्रार्थना म्हणायची पाळी तिची होती. म्हणजे बाकीचे गप्प आणि तिचा शब्दन् शब्द सगळ्यांना ऐकू येणारा. देशासाठी मागता मागता ती म्हणाली, "प्रभू, टाकीखालच्या घरातली मडकी काढून टाक."

टाकीखाली घर एकच. झाइथांगी तिच्या शेजारीच उभी होती.

तिच्या मनात काळंबेरं होतं असं मला आजही वाटत नाही. देशापुढं मैत्रीण काय, असं तिला खरंच वाटलं. पण सोमवारी पोरांची संघटना काठ्या घेऊन गेली आणि मडकी फोडून आली. उतारावरून आंबूस वासाचा ओघळ वाहत आमच्या दारापर्यंत आला होता. झाइथांगी हाताची घडी घालून उंबऱ्यात उभी होती. वरच्या ओसरीत पी रोछिंगी. झाइथांगीनं मान वर करून तिला एवढंच म्हटलं, "रिनसांगाची आई, बरी प्रार्थना केलीस. देवानं लगेच ऐकली."

मंडळीनं झाइथांगीला सहभागातून काढलं, म्हणजे प्रभुभोजनाला मज्जाव. ती परत प्रार्थनाघराची पायरी चढली नाही. डुकरं पाळून तिनं पोरींची लग्नं केली. पी रोछिंगी तांदूळ गोळा करायला टाकीपर्यंत यायची आणि त्या दारासमोरून मान खाली घालून पुढं जायची. कोपराला बोटं लावायचं काम मग कधी ही, कधी ती असं कुणी ना कुणी करू लागलं. कुणी इतक्या जोरात ढोसायचं की ती दचकायची, कुणी विसरूनच जायचं.

आणि जाग? जाग काही आली नाही. आली ती पांढरी पूड, सरहद्दीपलीकडून. आमची पोरं एकेक करून वाळत गेली. मडकी बरी होती असं म्हणायची आता कुणाची छाती नव्हती, पण मनात सगळ्यांच्या होतं.

रिनसांगा ऐझॉलला शिकायला गेला होता. शिक्षण अर्धं टाकून सुमो चालवू लागला, मग तेही सुटलं. पी रोछिंगी सांगायची की तो आता बंगलोरला मोठ्या हॉटेलात कामाला आहे. मॅनेजर केरळचा आहे, दोन वेळ मासे मिळतात, गाद्या मऊ आहेत. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तपशील फार द्यायची. नशेत अडकलेल्या पोरांसाठी प्रार्थना सांगताना ती गावातल्या एकेका पोराचं नाव घ्यायची. रिनसांगाचं नाव तिनं कधीच घेतलं नाही. बंगलोरला सुखात असलेल्या मुलाचं नाव घेईलच कशाला, असं आम्हाला वाटायचं.

जानेवारीत, सगळं गाव आल्याच्या खणणीला शेतात गेलेलं असताना, दाट धुक्यातून रिनसांगा घरी आला. हे आम्हाला मागाहून कळलं. हाडं आणि डोळे तेवढे उरले होते म्हणे. तिनं त्याला आतल्या खोलीत ठेवलं आणि खिडकीला आपलं नेसायचं पुआन टांगलं. कुणाला सांगायचं? ती देशाची प्रार्थना चालवणारी बाई. दुसऱ्याच्या तंबूवर बोट ठेवणारी. आता तिच्याच तंबूत पुरलेलं निघालं असतं. आखानाचं पुढं काय झालं ते तिला पाठ होतं.

आणि तेवढ्यात देशासाठीचा तीन दिवसांचा उपास आला. वर्षातून एकदा सगळी मंडळी डोंगरावरच्या जुन्या प्रार्थनाघरात जाऊन राहते. खाणं नाही, खाली उतरणं नाही. नेतृत्व अर्थात पी रोछिंगीचं. गावात फक्त तान्ह्या पोरांच्या आया, अंथरुणाला खिळलेले म्हातारे आणि मंडळीतून काढलेले राहतात.

पहिल्या दिवशी तिनं अशी प्रार्थना केली की तशी मी आयुष्यात ऐकली नव्हती. उपा थांगकिमा मला म्हणाले, "पी आज पेटलीय. या वर्षी काहीतरी होणार." मीही मान हलवली. आम्हाला वाटलं, पवित्र आत्मा उतरलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपाशी माणसं निम्मी भिंतीला टेकलेली. पी रोछिंगीच्या बाजूची बाई घेरी आली म्हणून बाहेर हवेवर जाऊन बसली होती. तिची जागा रिकामी. उपा थांगकिमांनी विषय सांगितला, "नशेत बुडालेली आपली पोरं, आणि आपला देश." सगळे उठले, गलका सुरू झाला. पत्रे थरथरायला लागले. बऱ्याच वेळानं उपांनी मला खूण केली, मी घंटा वाजवली.

सगळे थांबले. पी रोछिंगी थांबली नाही.

"...आखान मीच आहे, प्रभू. झाइथांगीच्या घरात काय शोधलं मी, माझ्या घरात बघ. आतल्या खोलीत आहे तो. घराला कुलूप मी लावलंय. तोच म्हणाला, आई, बाहेरून कुलूप लाव, नाहीतर मी पळेन. किल्ली माझ्या पिशवीत आहे. काल निघताना त्यानं हाक मारली, आई उघड म्हणाला. मी नाही थांबले. लोक वाट बघत होते. त्याला उद्यापर्यंत जिवंत ठेव. कुणाला कळू देऊ नकोस. देशासाठी आजवर जे जे मागितलं ते सगळं राहू दे, नको मला. एवढा एक मुलगा दे..."

डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. तिला अजून आपल्याभोवती गलकाच वाटत होता. उपा थांगकिमांचा चेहरा पांढरा पडला. ते माझ्याकडे बघून हातानं सांगायला लागले, वाजव, ढोल वाजव, झाकून टाक. बाईची अब्रू वाचवायचीच त्यांना घाई होती, वाईट हेतू नव्हता. मी काठी उचलली. एक ठोका दिलाही. पण 'कुलूप' हा शब्द कानात अडकला होता, दुसरा ठोका काही हातातून उतरेना. मी काठी खाली ठेवली.

शेवटी तिचे शब्द संपले. ती तशीच उभी राहिली, कोपर जरा बाहेर काढून. कुणीतरी बोटं लावील म्हणून वाट बघत होती. कुणी लावत नाही म्हटल्यावर तिनं डोळे उघडले आणि आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली.

त्या क्षणी ती ज्या आवाजात "आमेन" म्हणाली तो मला विसरता येत नाही. वर्गात चूक सापडलेलं पोर म्हणेल तसं.

उपा थांगकिमांनी नुसता हात पुढं केला. "पी, किल्ली द्या." तिला पिशवीची गाठ सुटेना. मी पिशवीच फाडली. चार-पाच जण आम्ही उतारावरून धावत सुटलो, ती मागून, अनवाणी. कुणीतरी वर म्हणालं, उपास मोडेल. उपांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

किल्लीची गरज पडली नाही. कुलूप कोयंड्यासकट उखडून ओसरीत पडलं होतं, शेजारी कोयता. आतल्या खोलीत झाइथांगी बसली होती. रिनसांगाचं डोकं तिच्या मांडीवर, आणि ती त्याला चमच्याचमच्यानं पेज पाजत होती. ओकारीची घाण तिनं पुसून काढली होती. खोलीला अजून आंबूस वास होता. पोराचे ओठ काळेनिळे, पण गळा हलत होता. जिवंत होता.

झाइथांगी आमच्याकडे बघून म्हणाली, "किल्ली आणलीत होय? ठेवा तिथं. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

उपा थांगकिमा काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "उपा, आधी चपला काढा. भुई आत्ताच पुसलीय. आणि गाडीचं बघा कुणीतरी, याला ऐझॉलला न्यायला हवा."

तेवढ्यात पी रोछिंगी दारात पोचली. आत यायची तिची हिंमत होईना. चौकट धरून उभी राहिली.

"उभी काय राहिलीस, रिनसांगाची आई?" झाइथांगी म्हणाली. "पाय चोळ त्याचे. गार पडलेत."

ती खाली बसली आणि मुलाचे पाय चोळायला लागली. "तुला कधी कळलं?" तिनं विचारलं. तिला ऐकू जावं म्हणून झाइथांगी मोठ्यानं बोलली, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच ऐकावं लागलं. "काल दुपारपासून माझ्या डोक्यावर फळ्यांवर डोकं आपटत होता. मला वाटलं या वेळी तू मागं राहिली असशील, माझा काय संबंध. सकाळी आवाज बारीक झाला तेव्हा वर आले. दाराला कुलूप. हाका मारल्या, पण गावात असेल कोण? सगळे वर, देशासाठी."

"मला काहीतरी बोल, झाई. शिव्या दे."

"आधी चोळ. शिव्या कुठं पळून जात नाहीत."

कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता, तळाला थोडे तांदूळ. पी रोछिंगीची नजर तिथं गेली. झाइथांगीनंही ते पाहिलं. "तुझाच आहे तो," ती म्हणाली. "मूठ काढायची मी सोडली नव्हती. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून साठत गेले. जुने पाखडून टाकायचे, नवे भरायचे. आज पेजेला तेच काढले. देवाच्या वाट्याचे आहेत, त्याला चालेल, असं मीच ठरवलं."

पी रोछिंगीनं मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग अशी रडली, की उपा थांगकिमा बाहेर निघून गेले. मीही गेलो. सुमो बोलावायची होती.

रिनसांगा वाचला. ऐझॉलच्या दवाखान्यात बरेच दिवस होता, तिथून नशा सोडवायच्या केंद्रात. इकडे गावात जिभा सुटल्या होत्या. ज्या बाईनं टाकीखालची मडकी फोडायला लावली तिच्याच घरात काय निघालं बघा. करावं तसं भरावं. मंडळीच्या बैठकीत दोघातिघांनी तिलाही सहभागातून काढायची भाषा केली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काढा. मग ढोलही तुम्हीच वाजवा आणि घंटाही." पण माझ्यासारख्याला कोण विचारतो? उपा थांगकिमांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "त्या दिवशी ढोल वाजव म्हणून मी खूण केली होती. झाकणारा मीही होतो. तिला काढायचं तर माझंही नाव लिहा." विषय तिथंच संपला.

झाइथांगीला परत घ्यायचं ठरलं, तर ती म्हणाली, "मंडळीचं आमंत्रण मला नको. जिनं काढलं तिनं यावं."

पी रोछिंगी गेली. तांदळाची पिशवी घेऊन गेली आणि त्या दारात उभी राहिली, पूर्वी उभी राहायची तशी. झाइथांगी म्हणाली, "आज डबा रिकामा आहे. तुझ्या पोरानं खाल्ला."

"माझं चुकलं, झाई."

"ते मडक्यांनाही कळलं होतं. आत ये, चहा टाकलाय."

गोष्ट इथं संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. रिनसांगा पावसाळ्यानंतर घरी आला. अंगावर मांस चढलं होतं. माझ्याकडून ढोल शिकायला बसायचा, हात हलका होता त्याचा. पी रोछिंगी दोन बाक मागं बसायला लागली होती, पण तो वाजवायला बसला की पुढं यायची. आणि मग एका सकाळी तो आल्याची पोती सुमोवर चढवायला म्हणून गेला आणि त्याच सुमोनं निघून गेला. फोन बंद. कुणी म्हणतं ऐझॉलला दिसला, कुणी म्हणतं सिलचरला. सगळ्यांना कळून चुकलं होतं की तो परत त्याच वाटेला लागला, पण तिच्यासमोर कुणी बोलेना. मी तर घाबरलो होतो. आता ही पुन्हा बंगलोर काढणार, मॅनेजर आणि मऊ गाद्या काढणार, आणि आम्हाला पुन्हा माना हलवाव्या लागणार.

पुढचा शनिवार आला. दोघी पहिल्या बाकावर येऊन बसल्या, आपल्या जुन्या जागी. बहिरी माणसं कुजबुजतात तीही मोठ्यानं, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. पी रोछिंगी म्हणाली, "आज घंटा झाली की मला हात लावू नकोस."

"मग?" झाइथांगीनं विचारलं.

"मग काय. ऐकू देत."

उपा थांगकिमांनी विषय सांगितला, नेहमीचाच, "आपला देश आणि आपले लोक." सगळे उठले, गलका झाला. वेळ झाल्यावर मी घंटा वाजवली आणि सवयीनं झाइथांगीच्या बोटांकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते.

शांततेत पी रोछिंगीचा आवाज तेवढा उरला.

"प्रभू, रिनसांगा माझा मुलगा. तो बंगलोरला नाही. कधीच नव्हता. तो परत नशा करतोय आणि कुठं आहे ते मला ठाऊक नाही. मला त्याची लाज वाटत होती, आता भीती वाटते. तो आपल्या लोकांतलाच आहे. देशासाठी मागताना मी त्यालाच तेवढं वगळत आले. आता आधी त्याला धर."

ती थांबली. ढोलाची काठी माझ्या हातात होती, पण वाजवायचं काही सुचेना. कुणी खाली बसलं नाही. मागच्या बाकावरून एका बाईनं तिच्या मुलाचं नाव घेतलं, हळू, जणू अंधारात चाचपडत. मग भिंतीकडून आणखी एकीनं. गलका नव्हता, एकामागून एक येत होतं, प्रत्येक नाव स्वच्छ ऐकू येत होतं. जी पोरं परीक्षेला, नोकरीला, मामाकडे गेलीत असं आम्हाला सांगितलं होतं, त्यांचीच नावं होती ती. शेवटी उपा थांगकिमांनी टेबलाची कड धरली आणि आपल्या थोरल्या नातवाचं नाव घेतलं. त्याचं तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पी रोछिंगीला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ती डोळे मिटून उभी होती. झाइथांगीनं मग तिच्या कोपराला बोटं लावली नाहीत, तिचा अख्खा हातच धरला, आणि कानाशी तोंड नेऊन एकेक नाव तिला सांगू लागली.

याला जाग म्हणतात का, मला ठाऊक नाही. नाचलं तर कुणीच नाही. त्या शनिवारी मी ढोल न वाजवताच घरी गेलो. रिनसांगा अजून आलेला नाही. झाइथांगीनं तोडलेला कोयंडा पी रोछिंगीनं परत बसवून घेतलेला नाही. तिचं दार रात्रंदिवस नुसतं लोटलेलं असतं, बाहेरून ढकललं की उघडतं.